आर्टेमियावर पहिला प्रयोग: सिस्ट उबवण्यापासून एलसी-५० काढण्यापर्यंत

जलचरांवरचं संशोधन शिकायचं असेल तर आर्टेमियापासून सुरुवात करावी, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. ब्राइन श्रिम्प म्हणतात तो हाच प्राणी. त्याची सुप्त अंडी, म्हणजे सिस्ट, कोरड्या पुडीच्या रूपात वर्षभर मिळतात. मासे किंवा डॅफ्निया (गोड्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव) पाळायचे तर रोजचं खाणं, पाणी बदलणं, आजारपण हे सगळं मागे लागतं. इथे तसं काही नाही. आज सिस्ट पाण्यात टाका, उद्या हजारो पिल्लं हातात असतात.

मात्र ही सोय फसवी आहे. पिल्लं सहज मिळतात म्हणून लोक घाईघाईने ती कुप्यांत टाकतात, वर काहीतरी द्रव्य ओततात, दुसऱ्या दिवशी मेलेली मोजतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. त्या आकड्याला अर्थ आहे की नाही, हे द्रव्य कुपीत पडण्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं. पिल्लं एकाच वयाची आहेत का, सगळ्या कुप्यांतलं पाणी एकसारखं आहे का, आणि काहीच न घातलेल्या कुपीतली पिल्लं नीट जगताहेत का? या तीन प्रश्नांची उत्तरं पक्की असली की बाकीचा प्रयोग सोपा आहे. म्हणून या लेखात उबवण्यावर आणि मांडणीवर जास्त लिहिलंय, आकडेमोडीवर कमी.

आधी प्राणी समजून घ्या

आर्टेमिया कवचधारी वर्गातला, कोलंबी-खेकड्यांचा दूरचा नातलग. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण एक सेंटिमीटर लांब असतो. पायांच्या ११ जोड्या सतत हलवत तो पोट वर करून पोहतो, कारण पोटाची बाजू तो उजेडाकडे ठेवतो. त्याच पायांनी तो पोहतो, श्वास घेतो आणि पाण्यातले बारीक कण गाळून खातोही. समुद्रापेक्षा कितीतरी खारट सरोवरांत आणि मिठागरांत तो राहतो. एवढ्या खाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, त्यामुळे त्याला खाणारं तिथे फारसं कुणी नसतं. साध्या समुद्राच्या पाण्यातही तो उत्तम जगतो, पण तिथे त्याच्याकडे बचावाचं काहीच साधन नाही.

परिस्थिती चांगली असेल तर मादी थेट जिवंत पिल्लं सोडते. खारटपणा वाढला, प्राणवायू कमी झाला, थंडी जवळ आली की ती सिस्ट घालते. काही वसाहतींत तर नरच नसतात, माद्या नराविना प्रजनन करतात.

सिस्टच्या आत सुमारे ४,००० पेशींचा अर्धवट वाढलेला भ्रूण थांबून राहिलेला असतो. कोरड्या अवस्थेत त्याची चयापचय क्रिया जवळपास बंद असते. ट्रेहॅलोज नावाची साखर त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १५ टक्के असते आणि पाणी निघून गेल्यावर पेशींचे नाजूक भाग ती सांभाळते. पी-२६ नावाचं प्रथिन इतर प्रथिनांना विस्कटू देत नाही. जेम्स क्लेग या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाणी शोषून फुगलेले सिस्टसुद्धा प्राणवायूशिवाय चार वर्षं तग धरतात. १९७२ मध्ये अपोलो-१६ आणि अपोलो-१७ या दोन्ही मोहिमांत ‘बायोस्टॅक’ प्रयोगासाठी हेच सिस्ट अवकाशात नेले होते, वैश्विक किरणांचा सजीवांवर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठी.

नावाबद्दल सुरुवातीलाच सावध राहा. १७५६ मध्ये श्लोसर यांनी इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या मिठागरांतून या प्राण्याचं वर्णन केलं. १७५८ मध्ये लिनीयसने त्याला नाव दिलं. पुढे तो ‘आर्टेमिया सॅलिना’ झाला. पण आज या वंशात अनेक जाती मानल्या जातात. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधली आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागरातली जात ‘आर्टेमिया फ्रान्सिस्काना’. इराणच्या ऊर्मिया सरोवरातली ‘आर्टेमिया ऊर्मियाना’. बाजारातल्या सिस्टचा फार मोठा वाटा ग्रेट सॉल्ट लेकचा असतो, तरी असंख्य शोधनिबंधांत सवयीने ‘सॅलिना’ छापलं जातं. तुम्ही तसं करू नका. डब्यावरचं मूळ ठिकाण, लॉट क्रमांक आणि डबा उघडल्याची तारीख वहीत उतरवा. जात नक्की माहीत नसेल तर फक्त ‘आर्टेमिया’ लिहा आणि उगम द्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या सिस्टचा आकार, फुटण्याचा वेळ आणि विषाला होणारा प्रतिसाद वेगळा असू शकतो.

पाणी आणि सिस्टची तयारी

एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ३० ते ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी क्षारांचं मिश्रण सर्वांत चांगलं. ते नसेल तर आयोडीन आणि इतर काही न मिसळलेलं मीठ चालतं. सिस्ट त्यातही फुटतात, पण पिल्लं दोन-तीन दिवस ठणठणीत ठेवायची असतील तर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असलेलं मिश्रणच घ्या. नळाचं पाणी टाळा. त्यातलं क्लोरीन एकवेळ उघडं ठेवून उडून जाईल, पण क्लोरामिन जात नाही.

पीएच ८ ते ८.५ ठेवा. सिस्टचं आवरण आतून विरघळवणारं विकर (एन्झाइम) आम्लधर्मी पाण्यात नीट काम करत नाही, त्यामुळे पीएच ८ च्या खाली गेला की फुटण्याचं प्रमाण घसरतं. साधं मीठ वापरत असाल तर लिटरला एक-दोन ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. पीएच मात्र मीटरने किंवा चांगल्या पट्टीने मोजा, अंदाजावर सोडू नका.

एका प्रयोगाला फार पिल्लं लागत नाहीत. एका ग्रॅममध्ये साधारण दोन ते तीन लाख सिस्ट असतात. म्हणजे लिटरभर पाण्याला पाव ग्रॅम भरपूर झालं. लोक चमचाभर टाकतात आणि मग दाटीमुळे पाण्यातला प्राणवायू संपतो. दुसरं असं की सिस्ट फुटताना ग्लिसरॉल बाहेर पडतं, त्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात. जास्त सिस्ट म्हणजे जास्त जिवाणू आणि मरगळलेली पिल्लं.

उरलेल्या सिस्टचा डबा घट्ट झाकून, सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा. नाहीतर हवेतली वाफ आत थंड होऊन सिस्टवर बसते. थोडीशी ओल लागली की भ्रूण जागा होऊ लागतो, ती सुकली की पुन्हा थांबतो. असं वारंवार झालं तर त्याचा साठा संपतो आणि सिस्ट फुटतच नाहीत.

उबवण

तळाला निमुळतं भांडं घ्या. प्लास्टिकची बाटली तळाशी कापून उलटी टांगली तरी उत्तम चालते. एअर पंपाची नळी अगदी तळापर्यंत सोडा, म्हणजे सिस्ट कोपऱ्यात साचून राहणार नाहीत. बुडबुडे जोमदार हवेत. इथे एअर स्टोन लावू नका, बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि सिस्ट फेसासकट भांड्याच्या काठाला चिकटून कोरडे पडतात.

तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस. त्याहून थंड पाण्यात सिस्ट फुटतात, पण उशिरा आणि मागेपुढे, आणि आपल्याला सगळी पिल्लं एकाच वयाची हवी आहेत. उजेड सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत महत्त्वाचा. सिस्ट तास-दोन तासांत पाणी शोषून गोल होतात आणि त्यानंतर भ्रूणाला पुढे जाण्यासाठी प्रकाशाचा इशारा लागतो. भांड्याजवळ साधा पांढरा दिवा सतत लावून ठेवलात तरी पुरे.

आता मध्ये एकदा तरी भिंगाखाली बघा. नवखे लोक हे टाळतात, पण प्राणी इथेच खरा कळतो. साधारण १५ ते २० तासांनी ड्रॉपरने थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्या. काही सिस्ट अजून गोल, तपकिरी दिसतील. काहींना चीर गेलेली असेल आणि त्या फटीतून नारिंगी भ्रूण डोकावत असेल. आणि काही ठिकाणी रिकाम्या कवचाखाली, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं पिल्लू लोंबकळताना दिसेल. याला छत्री अवस्था म्हणतात. थोडा वेळ नजर खिळवून ठेवली तर पिशवीच्या आत शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, थरथरताना दिसतात. मग पिशवी फाटते आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचं नॉप्लियस पिल्लू झटके देत निघून जातं. डोक्यावर एकच तांबूस डोळा, आणि आतल्या बलकामुळे सगळं अंग नारिंगी.

चोवीस तासांनी उबवण थांबवा. फुटण्याचं प्रमाण याच वेळी मोजून ठेवा. भांडं ढवळत असताना पाव मिलिलिटरचे पाच-सहा नमुने घ्या. प्रत्येकात लुगॉल द्रावणाचा (आयोडीनचं द्रावण) एक थेंब टाकला की पिल्लं मरून स्थिर होतात. ती मोजा, छत्री अवस्थेतली वेगळी मोजा. मग सोडियम हायपोक्लोराइटचे काही थेंब टाका. कवचं विरघळतात, आणि न फुटलेले भ्रूण नारिंगी ठिपक्यांसारखे उघडे पडतात. तेही मोजा. पिल्लांच्या संख्येला या तिन्ही संख्यांच्या बेरजेने भागून शंभरने गुणलं की टक्केवारी मिळते. चांगल्या सिस्टमध्ये ती ८० च्या वर असते. ती ४०-५० वर आली तर तो डबा विषारीपणाच्या चाचणीला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा डब्यातली जी पिल्लं बाहेर येतात तीही अशक्त असण्याचा संभव असतो, आणि मग मृत्यू द्रव्यामुळे झाला की अशक्तपणामुळे, हे सांगता येत नाही.

पिल्लं वेगळी करणं आणि त्यांचं वय

पंप बंद करा, भांड्याचा वरचा भाग काळ्या कागदाने झाका आणि खालच्या बाजूला दिवा धरा. पाच-दहा मिनिटांत रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेले सिस्ट तळाशी बसतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने किंवा पिपेटने ती काढून घ्या. यापेक्षा जास्त वेळ पंप बंद ठेवू नका, दाटीत पिल्लं गुदमरतात. बारीक जाळीच्या गाळणीत ती त्याच खारटपणाच्या ताज्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, म्हणजे ग्लिसरॉल आणि जिवाणू निघून जातील.

आता वयाचा मुद्दा. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं तोंड आणि गुदद्वार अजून उघडलेलं नसतं. ते खात नाही, बलकावर जगतं. साधारण ८ ते १२ तासांनी ते पहिल्यांदा कात टाकतं आणि दुसऱ्या अवस्थेत गेल्यावर पाण्यातले कण गिळू लागतं. शंका असेल तर एका काचेत हिरवं शेवाळ घालून काही पिल्लं सोडा. अर्ध्या तासाने भिंगाखाली पाहिलं तर दुसऱ्या अवस्थेतल्या पिल्लाच्या अंगातून मधोमध हिरवी रेघ गेलेली दिसते, पहिल्या अवस्थेतल्यात दिसत नाही.

विषाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पहिल्या अवस्थेत द्रव्य फक्त त्वचेवाटे आत जातं, दुसऱ्या अवस्थेत पोटातही जातं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं साधारणपणे जास्त संवेदनशील असतात. तुमच्या कुपीत दोन्ही मिसळलेली असतील तर निकाल पसरट येणारच. उपाय साधा आहे: पिल्लं वेगळी केल्यावर स्वच्छ खाऱ्या पाण्यात, हलक्या हवेवर, आणखी २४ तास ठेवा. म्हणजे सगळी खाण्याच्या अवस्थेत पोहोचतात. यानंतर २४ तासांची चाचणी करायची. अन्नाशिवाय पिल्लांचा साठा साधारण तिसऱ्या दिवसाच्या सुमारास संपत येतो, त्यामुळे उपाशी पिल्लांवर याहून लांब चाचणी करू नका. नाहीतर विष आणि उपासमार यांची गल्लत होते.

पहिला प्रयोग कोणता?

कोणतंही रसायन न घेता सुरुवात करा. ५, १५, २५, ३५, ५० आणि ८० ग्रॅम प्रति लिटर असं सहा खारटपणांचं पाणी बनवा, प्रत्येकाची तीन भांडी ठेवा, आणि २४ व ४८ तासांनी फुटण्याचं प्रमाण मोजा. कुठलाही धोका नाही. मोजण्याचा हात बसतो, एकाच खारटपणाच्या तीन भांड्यांत किती फरक पडतो ते कळतं. दुसऱ्यांदा काहीच न घालता फक्त कंट्रोलच्या कुप्या लावा आणि २४ तासांनी किती जगली ते पाहा. शंभरातली नव्वदहून कमी जगत असतील तर पुढे जाऊ नका, आधी पाणी, कुप्या आणि पिपेट तपासा. साबणाने धुतलेली आणि नीट न विसळलेली काच हे नेहमीचं कारण असतं.

विषारीपणाची चाचणी

१९५६ मध्ये मायकल आणि सहकाऱ्यांनी आर्टेमिया जैवचाचणीसाठी वापरता येतो हे मांडलं, १९८१ मध्ये व्हॅनहाके आणि सहकाऱ्यांनी चाचणीला शिस्त लावली, आणि १९८२ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या अर्कांसाठी तिचं सोपं रूप दिलं. आज बहुतेक ठिकाणी जी पद्धत दिसते तिची मुळं इथे आहेत: एका कुपीत ५ मिलिलिटर पाणी, १० पिल्लं, २४ तास.

मांडणी अशी करा. आधी चाचपणीसाठी दसपटीच्या मात्रा घ्या: १, १०, १००, १,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. यातून मृत्यू कुठल्या पट्ट्यात सुरू होतात ते कळेल. मग त्या पट्ट्यात किमान पाच मात्रा घ्या, प्रत्येक मात्रा आधीच्या ठरावीक पट. प्रत्येक मात्रेच्या किमान तीन कुप्या. सोबत नुसत्या पाण्याचा कंट्रोल आणि विद्रावकाचा, म्हणजे द्रव्य ज्यात विरघळवलं त्या द्रवाचा, कंट्रोल.

विद्रावक हा नवख्यांचा सर्वांत दुबळा भाग असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा अर्क पाण्यात विरघळत नाही आणि तुम्ही तो डीएमएसओ या नेहमीच्या विद्रावकात विरघळवलात. एकाच मूळ द्रावणातून कुणाला ५ मायक्रोलिटर, कुणाला ५० आणि कुणाला ५०० असं टाकत गेलात तर सर्वांत जास्त मात्रेच्या कुपीत विद्रावकच दहा टक्के होतो. तिथली पिल्लं अर्काने मेली की डीएमएसओने? योग्य रीत अशी: मूळ द्रावण १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं करा, त्याच्या पुढच्या पातळ पायऱ्या डीएमएसओमध्येच बनवा, आणि प्रत्येक कुपीत ४.९५ मिलिलिटर पाण्याला बरोबर ५० मायक्रोलिटर टाका. आता सर्वांत जास्त मात्रा १,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर येते आणि सगळ्या कुप्यांत, विद्रावकाच्या कंट्रोलमध्येही, डीएमएसओ सारखाच एक टक्का राहतो. याहून कमी ठेवता आला तर आणखी चांगलं.

पिल्लं टाकताना पिपेटमधून पाणीही जातं आणि मात्रा पातळ होते. ते टाळण्यासाठी आधी १० पिल्लं मोजून कुपीत सोडा, पाणी मोजून निम्म्यापर्यंत न्या आणि उरलेलं निम्मं दुप्पट तीव्रतेच्या द्रावणाने भरा. दुप्पट द्रावण करताना विद्रावकही दुप्पट धरायला विसरू नका, म्हणजे शेवटी तो ठरल्याप्रमाणेच राहील.

द्रव्य घातल्यावर प्रत्येक मात्रेच्या एका जादा कुपीत पीएच मोजा. कित्येक वनस्पतींचे अर्क आम्लधर्मी असतात आणि पिल्लं निव्वळ त्या आम्लाने मरतात. कुपीत गाळ बसलाय का तेही पाहा. गाळ दिसला तर लिहिलेली मात्रा पाण्यात प्रत्यक्षात नाहीच. चांदीच्या क्षारांचं उदाहरण घ्या: खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड खाली बसतं आणि पिल्लांपर्यंत पोहोचणारी चांदी फारच कमी उरते. गोड्या पाण्यातला आकडा इथे लावता येत नाही आणि इथला तिथे नाही.

कुप्या हलक्या झाकणाने झाका म्हणजे पाणी उडणार नाही. २५ अंशांवर ठेवा. हवा सोडायची नाही. कुप्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळे कंट्रोल खिडकीकडे आणि सगळ्या मोठ्या मात्रा आत, असं झालं तर तापमानाचा फरक मात्रेच्या नावावर जमा होतो.

आपल्या हाताची आणि सिस्टची पारख व्हावी म्हणून ठरावीक काळाने एखाद्या ज्ञात विषावर चाचणी करतात. पोटॅशियम डायक्रोमेट यासाठी नेहमी वापरलं जातं. ते कर्करोगजनक आहे, म्हणून हातमोजे घालून, प्रयोगशाळेतच आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच हाताळा. घरच्या प्रयोगात ते आणू नका.

मोजणी

मोजताना कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा, मात्रा नाही. शक्य असेल तर क्रमांक दुसऱ्याने घालावेत आणि मोजणी तुम्ही करावी. मोठ्या मात्रेत मेलेली दिसावीत अशी आपली अपेक्षा असते, आणि अर्धमेलं पिल्लू कुठल्या रकान्यात टाकायचं हे ती अपेक्षाच गुपचूप ठरवते.

मेलेलं म्हणजे नक्की काय, हे आधीच ठरवून लिहून ठेवा. सर्वसाधारण रीत अशी की दहा सेकंद टक लावून पाहायचं, शृंगिका किंवा कुठलाही अवयव हलला नाही तर मृत. भिंगाखाली हे वाटतं तेवढं सोपं नसतं. तळाशी पडलेलं पिल्लू निपचित दिसतं आणि आठव्या सेकंदाला शृंगिकेचं टोक किंचित आखडतं. ते जिवंत. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात ‘तळाशी, पण हालचाल’ अशी करा. पुढे हा रकाना उपयोगी पडतो, कारण कित्येक द्रव्यं मारण्याच्या आधी पोहणं थांबवतात. गडद रंगाच्या अर्कात पिल्लं दिसत नसतील तर कुपीतलं पाणी उथळ पांढऱ्या ताटलीत ओतून मोजा. दहा भरेपर्यंत थांबू नका, नऊच सापडली तर नऊ लिहा.

आकडेमोड

विद्रावकाच्या कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त मेली असतील तर चाचणी रद्द समजा आणि पुन्हा करा. त्याहून कमी असतील तर १९२५ पासून वापरात असलेलं अ‍ॅबटचं सूत्र लावा: चाचणीतल्या मृत्यूच्या टक्क्यांतून कंट्रोलचे टक्के वजा करा, शंभरातूनही कंट्रोलचे टक्के वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभरने गुणा. चाचणीत ६० टक्के आणि कंट्रोलमध्ये ५ टक्के मेली असतील तर ५५ भागिले ९५, म्हणजे सुमारे ५७.९ टक्के.

निम्मी पिल्लं मारणारी मात्रा म्हणजे एलसी-५०. ती काढताना मात्रेचा लॉगरिदम घ्यायचा. १०० वर ३० टक्के आणि ३१६ वर ७० टक्के मेली असतील तर एलसी-५० या दोन्हींच्या बरोबर मध्ये, म्हणजे २०८ वर, येत नाही. लॉगच्या मापावर मध्य २.२५ आहे, म्हणून उत्तर सुमारे १७८. हे हाताने काढून पाहा, मग प्रोबिट किंवा लॉग-लॉजिस्टिक विश्लेषण, म्हणजे सगळ्या मात्रांच्या आकड्यांवर एक वक्र बसवणं, संगणकाला करू द्या. ‘आर’ या मोफत प्रणालीतलं ‘डीआरसी’ पॅकेज त्यासाठी पुरेसं आहे. एलसी-५० सोबत त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा द्यायलाच हवी, एकटा आकडा देऊ नका.

एका कुपीतली दहा पिल्लं म्हणजे दहा स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ती एकच पाणी, एकच काच आणि एकच चूक वाटून घेतात. तुमचं एकक कुपी आहे, पिल्लू नाही. आणि तीन कुप्यांचा एक दिवस म्हणजेही एकच वेळ झाली. नव्याने उबवलेल्या पिल्लांवर वेगळ्या दिवशी पुन्हा करा, मग त्या निकालावर भरवसा ठेवा.

निकालाचा अर्थ

मेयर यांच्या पद्धतीत १,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी एलसी-५० असलेला अर्क क्रियाशील मानतात. क्रियाशील म्हणजे औषधी नव्हे. पिल्लं मेली एवढ्यावरून अर्क कर्करोगावर चालेल असं लिहिणारे अहवाल मी वाचतो तेव्हा मनापासून वाईट वाटतं, कारण त्यावर विश्वास ठेवणारे आजारी लोक असतात. ही चाचणी फक्त चाळणी आहे. पुढे कोणता अर्क तपासायचा एवढंच ती सांगते.

उलटही खरं आहे. आर्टेमिया काटक प्राणी आहे. प्राणवायू कमी झाला तर तो हिमोग्लोबिन वाढवतो आणि लालसर दिसू लागतो. तो जगला म्हणून द्रव्य निसर्गाला निरुपद्रवी ठरत नाही. त्यासाठी दुसरे जीव लागतात. गोड्या पाण्यासाठी डॅफ्निया: ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या पद्धतीत २४ तासांपेक्षा लहान पिल्लं ४८ तास ठेवतात आणि मृत्यूऐवजी हालचाल थांबली का ते पाहतात. माशांसाठी झेब्राफिशचे भ्रूण: २३६ क्रमांकाची पद्धत, ९६ तास. इथे मात्र परवानगीचा प्रश्न येतो. युरोपीय संघाच्या २०१० च्या प्राणिसंरक्षण निर्देशात पृष्ठवंशी प्राणी, स्वतंत्रपणे खाऊ लागलेल्या त्यांच्या अळ्या आणि ऑक्टोपससारखे शीर्षपाद येतात, आर्टेमिया येत नाही. माशांकडे वळण्याआधी आपल्या संस्थेच्या नीतिसमितीकडे जा. आणि कायदा मागत नसला तरी आर्टेमियाची पिल्लंही लागतील तेवढीच वापरा.

प्रयोग संपल्यावर

उरलेली पिल्लं वाढवून बघायची इच्छा असेल तर जरूर वाढवा. स्पिरुलिनाची पूड किंवा यीस्ट अगदी कमी द्या, पाणी पुन्हा निवळल्यावरच पुढचं खाणं घाला. साधारण पंधरा वेळा कात टाकून ती मोठी होतात, चांगल्या खाण्यावर दोन-तीन आठवड्यांत जोड्या पोहताना दिसतात.

चाचणीतलं पाणी रसायनानुसार वेगळ्या बाटलीत साठवा आणि प्रयोगशाळेच्या नियमानुसार द्या, बेसिनमध्ये ओतू नका. निव्वळ कंट्रोलची आणि उबवणीतली उरलेली पिल्लं व सिस्टसुद्धा तळ्यात, खाडीत किंवा मिठागरात सोडायची नाहीत. ‘आर्टेमिया फ्रान्सिस्काना’ भूमध्य समुद्राभोवतीच्या मिठागरांत असाच माणसाच्या हातून पोहोचला आणि अनेक ठिकाणी त्याने तिथल्या मूळच्या आर्टेमियाला हुसकावून लावलं. पिल्लं असलेलं पाणी आधी उकळा. कोरडे सिस्ट मात्र उष्णता बराच वेळ सोसतात, म्हणून गाळणीवर राहिलेले सिस्ट हायपोक्लोराइटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहा आणि नारिंगी रंगाचा मागमूस उरला नाही याची खात्री करून मगच टाका. हायपोक्लोराइट कुठल्याही आम्लात मिसळू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. गाळणी, नळ्या आणि पिपेट ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळून उलटे वाळत घाला आणि आर्टेमियाच्या कामासाठी वेगळे ठेवा.